झुलाल बैसाणे यांच्या डफड्याबाबत

मी, भटू झुलाल बैसाणे, वय ७२, निवृत्त तंत्रज्ञ, राहणार जळगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. मुलगा राजदीप याचे मत वेगळे आहे. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. लिहू नये म्हणून मात्र आणला होता.

१. माझी पत्नी सुमनबाई सात वर्षांपूर्वी वारली. मला दोन अपत्ये. थोरला राजदीप बँकेत अधिकारी असून सहकुटुंब माझ्याजवळ राहतो. धाकटी मयुरी नाशिकला असते. राजदीपची मुलगी वृषाली धुळ्याला शिकते.

२. पोस्टातील व बँकेतील माझ्या सर्व ठेवी मयुरीला द्याव्यात. तिने आजवर काही मागितले नाही, म्हणून तिचे आधी लिहिले.

३. माझी हत्यारांची पेटी भाचा प्रेमराज यास द्यावी. तो नरडाण्याच्या कारखान्यात फिटर आहे. पेटीत हातभर लांब लोखंडी गज आहे, तो भंगारात घालू नये. दीपनगरच्या वीज केंद्रात मी एकतीस वर्षे कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यांवर काम केले. गजाचे एक टोक बेअरिंगला आणि दुसरे कानाला लावले की कोणते बेअरिंग आठवड्यात जाणार, ते मला कळे. साहेब लोक म्हणत, ‘बैसाण्यांचा कान मशिनसारखा आहे.’ हा कान कुठे तयार झाला, हे मी कोणाला सांगितले नाही. ते पुढील कलमात सांगतो.

४. माझ्या ताब्यात एक डफडे व दोन काड्या आहेत. ते माझे वडील झुलाल यांचे. शिंदखेडा तालुक्यातील आमच्या गावी लग्न असो की मयत, वाजवायला वडिलांना जावेच लागे. पाटलाचा माणूस वस्तीच्या तोंडाशी उभा राहून ओरडे, ‘ओ डफड्या, डफडं लई ये रे!’ झुलाल हे त्यांचे नाव मी पहिल्यांदा ऐकले ते शाळेत माझे नाव घालताना. एकदा आई तापाने फणफणली होती, तरी ते हाक येताच उठून गेले. त्या लग्नात त्यांनी असे वाजवले की मांडवातली माणसे जेवण सोडून उठली. मी कुंपणाबाहेरून ऐकत होतो. मला त्यांची लाज वाटली आणि तसेच वाजवता यावे असेही वाटले. या दोन्ही गोष्टी मला अजून वेगळ्या करता आलेल्या नाहीत.

१९६५ साली वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि गावकीचे काम सोडले. डफडे माझ्या हातात देऊन म्हणाले, ‘तापीमा टाकी ये.’ मी ते मामाच्या घरी कडब्यात लपवले आणि टाकून आलो असे सांगितले. पुढे दीपनगरला, सुट्टीच्या दिवशी राखेच्या बंधाऱ्याकडे जाऊन वाजवत असे. सुमनबाईला माहीत होते. ती म्हणे, ‘वाजवा, पण मला सांगू नका. कुणी विचारलं तर मला खोटं बोलता येत नाही.’

वडील शेवटच्या आजारात माझ्या क्वार्टरमध्ये होते. एकदा चहा होईपर्यंत मी नकळत ताटावर बोटे वाजवत होतो. ते डोळे मिटूनच म्हणाले, ‘तठे ठेका चुकना रे भटू.’ त्यांना सगळे ठाऊक होते. मग म्हणाले, ‘वाजाडानं व्हई ते वाजाड. पन कोनी हाक मारी म्हनीसन जाऊ नको.’

५. हे डफडे मी वृषालीला देतो. तिला मी चार वर्षे, राजदीप बँकेत असताना, शिकवले. यंदा युवक महोत्सवात ती मंचावर वाजवत असतानाचा व्हिडिओ राजदीपच्या बँकेतल्या एका माणसाने त्याला दाखवला आणि हसून म्हणाला, ‘साहेब, पिढीजात कला दिसते.’ राजदीप दुपारीच घरी आला. वृषालीही तेव्हा सुट्टीला घरी आली होती.

‘आजोबांनी फेकलेलं तुम्ही माझ्या मुलीच्या गळ्यात बांधलंत, नाना,’ तो म्हणाला. ‘ते घरात दिसलं तर जाळून टाकीन.’

वृषाली म्हणाली, ‘जाळायच्या आधी तापेल, पप्पा. आणि तापलं की आणखी छान वाजतं.’

तेव्हापासून बाप-लेक एकमेकांशी बोलत नाहीत. राजदीपचा राग खोटा नाही. कॉलेजात त्यालाही लोकांनी आजोबांच्या नावाने डिवचले होते. तेव्हा मी त्याला ‘दुर्लक्ष कर’ एवढेच सांगितले आणि रविवारी बंधाऱ्यावर गेलो. हे त्याचे माझ्याकडे येणे बाकी आहे.

६. जळगावचे राहते घर राजदीपला द्यावे. मात्र त्याने वृषालीसमोर बसून तिचे वाजवणे एकदा पूर्ण ऐकल्याखेरीज घर त्याच्या नावावर करू नये. वर्षभरात न ऐकल्यास घर विहाराच्या अभ्यासिकेला द्यावे. (हे कलम रद्द. कलम ८ पाहावे.)

७. माझ्या अंत्ययात्रेत डफडे वाजवू नये. वृषालीनेही नाही. आमच्या घराने मयतीला पुष्कळ वाजवले आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी निवृत्त मुख्याध्यापिका लताबाई अहिरे यांनी करावी.

८. वरील मजकूर मी साक्षीदारांना वाचून दाखवला. त्यांपैकी हेमराज पाटील, जामनेरचे शेतकरी व माझे दीपनगरचे जुने सोबती, कलम ६ ऐकून म्हणाले, ‘नाना, हे तं बोलावणंच झालं. तुमच्या बापाला गाव हाक मारे, तुम्ही पोराला हाक मारून राह्यले.’

मी त्यांना म्हणालो की साक्षीदाराचे काम सही करण्याचे आहे. ते म्हणाले, ‘मंग सही करतो. पन झालं तं तेच.’

चहा झाला. नंतर मी कलम ६ वर आडवी रेघ मारून शेजारी सही केली. घर राजदीपला विनाअट द्यावे. त्याने एकदा ऐकावे, ही माझी इच्छा आहे. ती पाळण्याचे बंधन त्याच्यावर नाही.

साठ वर्षे मी डफडे लपवले. आज कपाटातून काढून बैठकीत, दारासमोरच्या खुंटीवर टांगले आहे. डफडे वृषालीचे आहे, हे राजदीपला माहीत असावे म्हणून येथे पुन्हा लिहितो. सोमवारी मी दवाखान्यात असेन, वृषाली धुळ्याला, आणि सूनबाई माझ्याजवळ. घरात राजदीप एकटा असेल. काड्या खुंटीलाच अडकवल्या आहेत. काडेपेटी स्वयंपाकघरात नेहमीच्या जागी आहे, ती मी हलवलेली नाही.

लिहून देणार: भटू झुलाल बैसाणे (सही)

वरील सही व कलम ६ वरील रेघ, दोन्ही आमच्या डोळ्यांदेखत झाल्या.

साक्षीदार:
१) हेमराज पाटील, जामनेर (सही)
२) नवीन शिरसाठ, शेजारी, जळगाव (सही)

स्थळ: जळगाव
दिनांक: १५ नोव्हेंबर २०२५, शनिवार