एकोणीसच्या एकोणीस

३ मार्च

प्रिय लेम,

फोनवर तुझ्या मागे टीव्ही सुरू असतो आणि तू दर दोन वाक्यांनी "काय म्हणालीस ताई?" विचारतोस, म्हणून हे पत्र. बसून वाच. तुझ्या बहिणीने एक पराक्रम केला आहे आणि तो मला सविस्तर सांगायचा आहे.

रानडुकरं धरली मी, लेम. एक-दोन नाही, अख्खा कळप.

गेल्या वर्षी त्यांनी काय केलं ते तुला अर्धंच सांगितलं होतं. भुईमूग पेरला त्याच आठवड्यात त्यांनी ओळीच्या ओळी हुंगत दाणे उकरून खाल्ले. रताळ्याचं रान असं उलथलं की मला वाटलं कुणी नांगर फिरवला. शेजारचा वेंडेल पिकअपमधून बंदूक झाडायचा, एखादं मारायचा आणि दिवसभर मिरवायचा. उरलेली शहाणी व्हायची, पांगायची आणि दुप्पट होऊन परत यायची. शेवटी मी तालुक्याच्या शेतकी कार्यालयात गेले. तिथे एक तरुण मुलगी आहे, पायात चिखलाचे बूट, बोलायला फटकळ. म्हणाली, "मावशी, एकेक धरायचं असेल तर धरूच नका. धरायची तर सगळी एका वेळी. आणि त्यासाठी बंदूक नको, धीर हवा."

धीर! एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेल्या बाईला ती धीर शिकवत होती.

डिसेंबरात ओढ्याकडेच्या कोपऱ्यात मी आणि वेंडेलने लोखंडी जाळीचं मोठं गोल कुंपण उभारलं. गोल अशासाठी, की कोपरा मिळाला की ती एकमेकांच्या पाठीवर चढून बाहेर पडतात. वरून पडणारं दार लावलं. झाडाला कॅमेरा बांधला. तो फोनवर फोटो पाठवतो, आणि फोनवरूनच दार पाडता येतं. मग दार उघडंच ठेवून मी रोज आत मका टाकू लागले, पिंपात आंबवलेला. वास असा की वेंडेल नाक धरून म्हणाला, "व्हर्लीनबाई, डुकरं पकडताय की जेवणावळी घालताय?" चर्चमधल्या बायका त्याच्या वरचढ. "आमच्याकडे कधी एवढं आग्रहाने वाढलं नाहीस गं!" मी हसून सोडून द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बादली उचलायचे.

आठवड्याभरात पिल्लं आत आली, मग नर, मग बाकीच्या माद्या. अठरा झाली. एकोणिसावी मात्र दारातून मागे फिरायची. फाटक्या कानाची म्हातारी डुकरीण. सगळा कळप तिच्या मागे चालतो. वेंडेल रोज मागे लागायचा, "अठरा काय कमी आहेत? पाडा दार!" मी म्हटलं, "वेंडेल, बसमध्ये सगळी पोरं चढल्याशिवाय मी आयुष्यात कधी दार लावलं नाही." खरं सांगू? मला त्या म्हातारीचं कौतुक वाटायला लागलं होतं. आपलं सगळं कुटुंब आत जेवतंय आणि ही बाहेर उभी राहून पहारा देतेय. पण ती बाहेर राहिली असती तर वर्षभरात तिने दुसरा कळप उभा केला असता.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी, दोन दिवसांच्या गार पावसानंतर, पास्टर गेन्स प्रवचनात रंगले होते आणि माझ्या पर्समध्ये फोन थरथरला. आत अठरा. म्हातारी दारात. मी फोन मांडीवर ठेवला. पुढचा फोटो: पुढचे पाय आत. पास्टरनी आवाज चढवला. पुढचा फोटो: ती पूर्ण आत, तोंड मक्यात. मी दोनदा मोजली, देवाशपथ दोनदा, आणि फोनवरचं बटण दाबलं. पुढच्या फोटोत दार खाली होतं. मी उभी राहून ओरडले, "आमेन!"

पास्टर थांबले. म्हणाले, "व्हर्लीन, अजून मी मुद्द्यावर आलो नाही."

मी म्हटलं, "मी आले."

प्रार्थना संपताच सगळं चर्च रविवारच्या कपड्यांत, टोप्यांसकट, चिखल तुडवत कुंपणापाशी. एकोणीसच्या एकोणीस! वेंडेलने डोक्यावरची टोपी काढली आणि एवढंच म्हणाला, "पुढचं कुंपण माझ्या हद्दीत घालायचं. कसं ते तुम्ही सांगायचं." डुकरं विकत नेणारा गाडीवाला दुपारी ट्रेलर घेऊन आला. म्हातारी गाडीत चढली तेव्हा मी बाजूला होऊन वाट दिली. त्यानंतर तीन आठवडे झाले, रानात एक खूर उमटलेला नाही. रताळ्याच्या रोपांसाठी वाफे केलेत. चवळीही लावणार आहे, आईची असायची ती जांभळ्या शेंगांची.

आता जे सांगितलं नव्हतं ते. नोव्हेंबरात तुला फोनवर "सगळं ठीक" म्हणाले, ते खोटं होतं. त्या सकाळी डुकरांनी शेतातलं आपलं घरचं कब्रस्तान उकरलं होतं. आईचा दगड आडवा पडला होता, आणि पणजोबांच्या डोक्याशी हातभर खड्डा. ज्या माणसाला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, त्याने ही जमीन स्वतःच्या नावावर केली, आणि मला त्याची माती राखता आली नाही. मी आणि वेंडेलने दगड उभा केला. मग घरी येऊन, तू सही करून पाठवलेला जमीनविक्रीचा कागद काढला आणि तुझ्या सहीखाली माझी सही केली. पाकिटावर तिकीटही लावलं. फक्त टपालात टाकायला पाय उचलले नाहीत.

तो कागद या पत्रासोबत आहे. तुझ्यावर राग नाही. हरलेली जमीन विकावी असं तुला वाटलं, मलाही एक दिवस वाटलं. पण ती हरलेली नाही, लेम, आणि हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं. कागद फाडणं सोपं होतं. पण जमीन दोघांची आहे. माझी सही मी खोडली आहे. तुझी मी खोडणार नाही. ती तू खोडायची.

तुझीच थोरली,
व्हर्लीन