चेटकीच्या उतरणीचं नाव

प्रिय झेन्झी,

मेनाचं डोकं फिरलंय, ही बातमी एव्हाना ग्राझपर्यंत आलीच असेल. आपल्या गावातल्या बायका टेलिफोनला घाबरतात थोड्याच! फिरलं म्हणू देत. गेल्या रविवारी चर्चमधून परतल्यावर खानावळीत सभा होती. आपल्या स्की शर्यतीच्या वाटेला, चेटकीच्या उतरणीला, माझं नाव द्यायचं ठरत होतं. मी भर सभेत उठले आणि नाही म्हणाले. का, तेही सांगितलं. तेव्हापासून पाववाली माझ्याकडे न बघता पाव देते. पाव मात्र चांगला असतो, म्हणून मी रोज जाते.

तुझं उत्तर येवो न येवो, मला लिहायचंच आहे. आपण चौदा वर्षांच्या होतो तेव्हाचे कॅसिअन सर तुला आठवतात ना? "उतरणीची शर्यत पोरींना झेपत नाही, त्या घाबरतात," असं सगळ्या मुलांदेखत म्हणाले होते. तू स्की पायात अडकवत म्हणालीस, "मग सर, तुम्ही इथंच थांबा, आपण खाली भेटू." आणि सुटलीस. मी तुझ्यामागे. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की ताशी शंभरच्या वेगात भीती मागे पडते. हे मला त्यांनी नाही, तू शिकवलंस. सरांनी मग आपल्याला संघात घेतलं आणि पुढं जन्मभर सांगत फिरले, या पोरी मी घडवल्या.

तुझ्यानंतर मी नऊ हिवाळे खेळले. दोनदा गुडघा फुटला. पत्र्याच्या डब्यात सात स्क्रू ठेवलेत, डॉक्टरांनी काढलेले. तिसाव्या वर्षी संघानं सांगितलं, आता लग्न कर. मी पुढच्याच आठवड्यात स्वित्झर्लंडात पहिली आले. त्या सगळ्या शर्यती माझ्या आहेत, झेन्झी. त्या मी अंगाची हाडं मोजून जिंकल्यात आणि त्यांच्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही. एक सोडून. गावात झालेली ती जागतिक स्पर्धा. तीच नेमकी यांना पाटीवर कोरायची होती.

सभेत मी बोलायला लागले तशी कॅसिअन सरांनी काठी आपटली. एक्याऐंशीचे झालेत, आवाज तोच. "खाली बस, मेना." मी बसले नाही. सरपंच समजावायला लागले, "बाई, एकोणचाळीस वर्षं झाली. झालं ते झालं." मी विचारलं, "झेन्झीचा पाय उगवला का परत?" खानावळवाली तेवढी काउंटरमागून म्हणाली, "तिला बोलू द्या." तिचे उपकार मी विसरणार नाही.

आता तुला सांगते, जे त्यांना सांगितलं. माझ्या आधीची नॉर्वेची मुलगी सूचिपर्णीच्या वळणावर पडली आणि तिथली झाडांपुढची संरक्षक जाळी फाटली. तिला उचलून नेलं, जाळी तशीच राहिली. मी पाचवी सुटले. त्या वळणावरून जाताना मला जाळीच्या जागी उघडी झाडं दिसली. खाली पोचताच सरांना सांगितलं. ते म्हणाले, "वरून धुकं उतरतंय, आता शर्यत थांबली तर पुन्हा सुरू होणार नाही. तुझा पहिला नंबर गेला." आणि त्यांनी वायरलेस माझ्यापुढे धरला. "सांग तूच." मी हात पुढे केला नाही. तू आठवी होतीस. फलकावर तुझी अर्ध्या वाटेवरची वेळ झळकली, माझ्यापेक्षा सेकंदाच्या चार दशांशांनी पुढं. मी ती पाहिली, आणि तरीही गप्प राहिले. मग तू त्या वळणावर आलीस. काचेसारख्या बर्फावर सगळ्यांचीच स्की तिथं बाहेर सरकत होती. तुझी सरकली, आणि झाडांआधी अडवायला तिथं काहीच नव्हतं. चौकशीत तू चुकीची वाट धरलीस असं लिहिलं गेलं, खाली माझी सही आहे. दवाखान्यात तू माझा हात धरून विचारलंस, "मी कुठं चुकले गं?" आणि मी म्हणाले, "वळण उशिरा घेतलंस." शाळेत मुलांना गणित शिकवताना तू स्वतःच्या त्या चुकीची गोष्ट सांगतेस, असं मला मागच्या महिन्यात कळलं. म्हणून हे पत्र. ते पदक मी परत पाठवलंय आणि चौकशी पुन्हा उघडा असा अर्ज केलाय. संघ माझ्यावर बदनामीचा खटला भरणार म्हणे. भरू दे, तिथंही हेच सांगेन. क्षमा मागायला मी लिहीत नाहीये, ती देणं न देणं तुझं. पण मुलांना ती गोष्ट पुन्हा सांगू नकोस. तू कुठंच चुकली नव्हतीस. वळण तू वेळेवर घेतलं होतंस, आणि तू जिंकत होतीस.

तुझीच,
मेना