गाजराच्या तुळया

१७ मे २००५, स्टुटगार्ट
मूर्ख! मूर्ख! मूर्ख!
विमानतळावर काउंटरवरच्या बाईने बाबांचा पासपोर्ट उलटसुलट केला आणि मान हलवली. आयर्लंडला वेगळा व्हिसा लागतो. कपिल, अन्वी आणि मी, आम्हा तिघांचं नुसतं जर्मनीत राहायचं परमिट, म्हणून आमचे व्हिसे मी काढले. बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, मुंबईहूनच शेंगेन व्हिसा मिळालेला — मी धरून चालले, त्यात अख्खा युरोप आला! फॉर्म सगळे मीच भरले, म्हणजे चूकही माझीच.
कपिल म्हणाला, मग कोणीच नको जायला. बाबाच म्हणाले, "अरे, पोरीची सुट्टी कशाला वाया घालवतोस? तुम्ही जा." तो आणि अन्वी गेले. मी बाबांना घेऊन एस-बान लोकलने घरी. वाटेत मला रडूच आलं.

१८ मे
बाबांनी आयटीआयमध्ये तीस वर्षं सुतारकाम शिकवलं. आम्ही बघायला निघालो होतो, त्या आयरिश किल्ल्यावर कित्येक पिढ्या छप्पर नव्हतं. आता ओक लाकडाचं नवं चढवलंय, जुन्या पद्धतीने, एकही खिळा न मारता. कपिलने त्या किल्ल्याचं पुस्तक पाठवलं तेव्हापासून बाबांचा एकच ध्यास — एकदा त्या छपराखाली उभं राहायचं. आणि मी काय करून ठेवलं!
पुस्तक मला मोठ्याने वाचायला लावलं. ऐकायला बरं वाटतं म्हणे.

१९ मे
आज गंमतच झाली. कोशिंबिरीसाठी गाजरं काढली, तर बाबांनी दोन जाडजूड उचलली, सुरी मागितली. खिडकीबाहेर बघत, नुसतं बोटांनी चाचपत एकाला भोक पाडलं, दुसऱ्याचं टोक तासून त्यात बसवलं, वर टूथपिकची खुंटी. गच्च! "लाकूड वाळेल तसा सांधा आवळत जातो, सुमेधा."
मग मला किल्ल्यात नेलं. खरंच नेलं! पॅसेज म्हणजे गोल जिना. "भिंतीला हात लावून चढ. पायऱ्या मुद्दाम उंचसखल केल्यात, शत्रू अडखळावा म्हणून." बाथरूमपाशी ते भोक, जिथून खाली दगड टाकायचे. मग हॉल. "आता वर बघ." भाड्याच्या घराचं पांढरं सिलिंग! पण शप्पथ, मला तुळया दिसल्या. ओकचा वाससुद्धा आला. कितीतरी वेळ आम्ही दोघं माना वर करून उभे होतो. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.
कोशिंबीर राहिलीच.

२० मे
आजही गेलो. आज तळघर.

२२ मे
कपिल-अन्वी आले. अन्वी दारातूनच सुरू — "आजोबा, गान्झ ओने नेगल!" एकही खिळा नाही! बाबा खूश. "मग? मी काय सांगत होतो?"
कपिलने फोटो कॉम्प्युटरवर लावले. बाबा खुर्ची पुढे ओढून बसले. "वा! काय छप्पर चढवलंय!"
फोटोत अन्वी मेंढीला गवत भरवत होती.
कपिल कॅमेऱ्याची केबल गुंडाळत होता. मी पटकन म्हटलं, "हो ना, बाबा. ती डावीकडची तुळई बघा."

२३ मे
चहा देताना बाबा हळूच म्हणाले, "वेगळा व्हिसा लागतो, हे मुंबईच्या एजंटने मला तेव्हाच सांगितलं होतं. मीच तुला सांगितलं नाही. अगं, सहा महिने डोळ्यांपुढे नुसतं धुकं आहे. त्या जिन्यावर पडलो असतो, तर कपिलला कळलं असतं."
रागावू की रडू, सुचेना. डोळ्यांच्या डॉक्टरांची बुधवारची वेळ घेतलीय.
फॉर्म मीच भरणार.