शेतावरचा हौद

३ फेब्रुवारी, सोमवार

चांदीला ट्रेलर लागला. मेली नाही. उजवा खुबा सुजलाय आणि वीतभर कातडं सोललंय.

सासरे नेहमीप्रमाणे दुपारी बारा वाजता चौदा गाई घेऊन तळ्यावर निघाले होते. मधे गोदामांचा नवा रस्ता. तेरा गाई पार झाल्या. चौदावी चांदी – रस्त्याच्या मधोमध उभी राहून शेण टाकत होती. ड्रायव्हरने हॉर्न दिला. तिने तो ऐकून घेतला आणि आपलं काम पुरं केलं.

ड्रायव्हर खाली उतरला. हात जोडून म्हणाला, "चाचा, माताजी को लग गया." बाबा म्हणाले, "हां. देखा मैंने."

डॉक्टर म्हणतात हाड शाबूत आहे. तीन आठवडे गोठ्यातच ठेवा.

४ फेब्रुवारी, मंगळवार

मी ठरवलं. गाईंनी पाण्याकडे जायचं बंद. पाणीच गाईंकडे आणायचं.

विहीर घरामागे आहे. पाणी गोडं. शेतावर बोअर मारण्यात अर्थ नाही, खाडी जवळ, पाणी मचूळ लागतं. म्हणजे घरापासून शेतावर गाई चरतात तिथपर्यंत पाइप टाकायचा. सहाशे मीटर. टोकाला दोन सिमेंटचे हौद, त्यात बॉल कॉक. गाई प्याल्या की आपोआप भरेल. पावसाळ्यानंतर गाई नऊ ते चार शेतावरच असतात, त्यातला दीड तास तळ्याच्या येण्याजाण्यात जातो. तहान भागवायला जातात आणि येताना पुन्हा तहानतात.

नवरा, देवेश, शिफ्ट संपवून आला तेव्हा सांगितलं. तो शेजारच्या पूर्णा गावातल्या गोदामात सुपरवायझर आहे. कुठल्याही गोष्टीवर त्याचा पहिला प्रश्न – जागा किती लागेल? म्हटलं, हौदाला दहा फूट, पाइपला काही नाही. त्याची हरकत नव्हती. म्हणाला, "बाबांना तू सांग."

बाबा जेवत होते. पूर्ण ऐकलं. भात संपवला, हात धुतले. विचारलं, "कवा व्हनार?"

"महिनाभरात."

"बरां."

आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. राग आला असणार. वयाच्या विसाव्या वर्षापासून गाई तळ्यावर नेतायत, आता एकाहत्तर. सून येऊन सांगते, उद्यापासून नळ.

९ फेब्रुवारी, रविवार

हिरामण प्लंबर आला. त्याची सगळी कामं हल्ली गोदामांतच असतात. आमचं शेत बघून त्याने टेप गुंडाळून खिशात ठेवली.

"वहिनी, मानसांसाठी का जनावरांसाठी?"

"जनावरांसाठी."

"मग थोडं लीक चालंल."

म्हटलं, नाही चालणार.

त्याला अर्ध्या इंचाचा पाइप टाकायचा होता. त्याला समजावलं – गाय आपल्यासारखी घोट घोट पीत नाही. तोंड बुडवते आणि बादली संपवते. उन्हाळ्यात दिवसाला साठ-सत्तर लिटर. आणि एक प्यायला निघाली की चौदाच्या चौदा निघतात, रांग लावत नाहीत. शेवटी सव्वा इंचावर आला. जाताना म्हणाला, "तुमच्या गाई आमच्या बिल्डिंगपेक्षा जास्त पानी पितात." मी म्हटलं, त्या दूधही देतात.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पाइप टाकून झाला. बांधाच्या कडेने, जमिनीवरूनच. हौद आले, क्रेनवाल्याने उतरवले. एक जरा तिरका बसलाय. हिरामण म्हणतो, जमीन तिरकी आहे.

बाबा बांधावर उभे राहून बघत होते. म्हणाले, "पाइप उन्हात हाय."

"हो बाबा. काळा आहे, उन्हाने खराब होत नाही."

"बरां."

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज पाणी सोडलं. मोटर चालू केली, पळत शेतावर गेले. आधी नुसती हवा आली, मग खोकल्यासारखा आवाज, मग पाणी. हौद भरेपर्यंत उभी राहिले. इतका आनंद मला लग्नात झाला नव्हता.

बारा वाजता जांभळी आली. तीच सगळ्यांच्या पुढे असते. तोंड बुडवलं आणि झटक्याने मागे. मग माझ्याकडे बघत राहिली. मी हात घालून पाहिला. चहाइतकं कढत नव्हतं, पण आंघोळीला उत्तम. सहाशे मीटर काळा पाइप सकाळपासून उन्हात.

बाकीच्या बाराजणी हौदाभोवती जरा वेळ उभ्या राहिल्या. मग वळल्या आणि तळ्याच्या वाटेला लागल्या. बाबा काठी घेऊन पुढे.  मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी सहाला गोठ्यात गेले तर बाबा नाहीत. शेतावर होते. कुदळीने पाइपशेजारी चर खणत होते.

"बाबा, मजूर बोलावते. शुक्रवारी येतील."

"दोन दिस कशाला घालवायचं?"

 एक फूट खोल, सरळ रेघेत. अकरापर्यंत पंचवीस-तीस हात खणून झालं होतं. बाराला गाई घेऊन तळ्यावर. दोनला परत येऊन पुन्हा कुदळ.

ज्याला राग आलाय तो माणूस असं खणत नाही. मला काही समजलं नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मजूर आले तरी बाबा थांबले नाहीत. मजुरांपैकी एकजण म्हणाला, "काका, तुमी बसा." बाबा म्हणाले, "बसून पाइप खाली जानार हाय का?"

पाइप आज पुरला. त्यांचे तळहात सोलले आहेत. हळद लावायला गेले तर हात मागे घेतला. मग पुढे केला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पाणी गार. गाई तरी पीत नाहीत. हुंगतात, फुरफुरतात, निघून जातात.

नवीन सिमेंटचा वास. बाबांनी सांगितलं, भर, रातभर ठेव, सोडून दे. असं चार-पाच वेळा कर. गवताच्या पेंढीने आतून घासायला त्यांनीच सुरुवात केली. चांदी आजपासून चरायला सुटली. लंगडते, पण कुरकुर नाही. तळ्यावर मात्र तिला नेलं नाही, रस्त्याची भीती. तिला बादलीने पाणी दिलं. बाकीच्या तेराजणी बघत होत्या.

३ मार्च, सोमवार

प्याली. जांभळी प्याली.

आधी ओठ लावले. मग नुसतीच उभी. मग अर्धं तोंड आत, आणि गळ्यातून पाणी उतरताना दिसायला लागलं. तिच्या मागून सगळ्या. ढकलाढकली. चांदीने लंगडत येऊन दोघींच्या मधे तोंड घातलं. पाणी खाली गेलं तसा बॉल कॉक उघडला आणि हौद पुन्हा भरायला लागला. मी खाली बसूनच घेतलं.

बाबा शेजारी उभे होते. टोपी काढून तोंड पुसलं. बराच वेळ पुसत होते.

"आता तलं लागत न्हाय," म्हणाले.

"नाही लागत. तुम्हाला पण आता आराम."

त्यांनी टोपी परत घातली. चेहरा असा झाला की मलाच वाईट वाटलं. एखाद्याच्या हातातलं काम काढून घ्यायचं आणि वर आराम म्हणायचं.

६ मार्च, गुरुवार

दूध अठ्ठावन्नवरून पासष्ट लिटरवर. तीन दिवसांत.

बाबा रोज बाराला तळ्यावर जातात. गाईंशिवाय. तोच रस्ता, तेच ट्रेलर. दोनला परत. मी त्यांना हौदाचं काम दिलं – शेवाळ काढायचं, बॉल कॉक बघायचा. ते सकाळी आठलाच करून टाकतात आणि बाराला निघतात.

देवेश म्हणाला, "सवय आहे गं. जाईल." मला झोप लागत नाहीये. डोक्यात एकच – म्हातारा माणूस गाईंशिवाय गाई नेतोय.

९ मार्च, रविवार

आज मागून गेले. बरोबर नाही, माहीत आहे.

तळ्याच्या पायरीवर आनंदीबाई कपडे धूत होत्या. मी ओळखते त्यांना, पूर्वी आमच्याकडून दूध न्यायच्या. नवरा जाऊन खूप वर्षं झाली. पूर्ण्याला खोली घेऊन राहतात, गोदामातल्या लोकांचे युनिफॉर्म धुऊन देतात. निळ्या शर्टांचा ढीग होता. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं बाबांच्या. पिळत होते. एक शर्ट झाला की दुसरा.  मग दोघांनी एकाच डब्यातून भाकरी खाल्ली. बाबा काहीतरी म्हणाले आणि त्या हसल्या. बाबा विनोद करतात हे मला अठरा वर्षांत माहीत नव्हतं.

घरी आले. गोठा झाडला. झाडलेला होता, परत झाडला. आधी राग आला. कुणावर, ते ठरेना. मग लाज वाटली. गाईंच्या निमित्ताने माणूस तिथे जाऊन बसत होता आणि ते निमित्त मी सहाशे मीटर पाइप टाकून बंद केलं.

१० मार्च, सोमवार

दूध काढताना विचारलं. ते जांभळीखाली, मी चांदीखाली. तोंडं दिसत नव्हती म्हणून जमलं.

"बाबा, किती वर्षं?"

धार थांबली. परत सुरू झाली. "नऊ."

"रोज?"

"कपडे ओले झाले का जड व्हतात. एकटीला पिलवत न्हाय."

मी म्हटलं, "उद्यापासून चांदीला तळ्यावर न्या. तिला हौदाचं पाणी मानवत नाही."

"चांदी तर हौदावरच पिते."

"ते आपल्याला माहीत आहे. गावाला कुठे माहीत आहे?"

बादली बाजूला ठेवून ते उठले. माझ्याकडे बघत उभे राहिले. असं त्यांनी माझ्याकडे पूर्वी कधी बघितलं नव्हतं.

"नको. तिचा पाय दुखतो," म्हणाले.

१२ मार्च, बुधवार

देवेशला सांगितलं. आधी म्हणाला, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, नऊ वर्षं लोक काही म्हणाले नाहीत, आता तू सुरू करू नकोस.  मग म्हणाला, "आई गेली तेव्हा बाबा पंचावन्नचे होते." हिशोब करून सांगितल्यासारखं. जेवला नाही. नंतर उठून जेवला.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. हौदात कुणीतरी रंग टाकला. पूर्ण रिकामा करून धुतला. तेवढंच.

१६ मार्च, रविवार

सकाळचं दूध काढून झाल्यावर बाबा आनंदीबाईंकडे राहायला गेले. एक पिशवी कपडे. दारात थांबून मला म्हणाले, "नऊ वरसां ती बोलवतेय. मी सांगायचो, दुपारी गाईंना पानी कोन दावनार. आता इचारलं तर काय सांगू?"

देवेश गाडीवर सोडून आला.