तीस जूनला ओठ मिटणार

१२ जानेवारी
आज वरच्या जबड्यात दोन स्क्रू बसवले. एक डावीकडं, एक उजवीकडं. इंजेक्शन दिल्यामुळं कळलं नाही. दोन चांगल्या दाढा मागच्याच महिन्यात काढल्यात. आता स्क्रूला रबर बांधून पुढचे दात त्या मोकळ्या जागेत मागं ओढायचे. म्हणजे मेख ठोकायची आणि दोरीनं जनावर ओढायचं. एवढं सांगायला डॉक्टर अनुरागला अर्धा तास लागला.
महिन्याला एक मिलिमीटर, आठेक महिने लगेंगे आंटी, म्हणाला. मी म्हटलं, साडेपाच. तीस जूनला हे फौजेतून रिटायर होतायत. फेअरवेलचा फोटो मेसच्या भिंतीवर कायमचा लागतो. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, एकाही फोटोत माझे ओठ मिटलेले नाहीत. ह्यात मिटणार.
तंबाखू खाता का, त्यानं विचारलं. छी. आमच्यात बायका तंबाखू खात नाहीत. मिश्री लावतात. ते मंजन.

१३ जानेवारी, सकाळी
मिश्री लावली. स्क्रूच्या कडेकडेनं, जपून. त्याशिवाय पोट साफ होत नाही. पोट बिघडलं तर स्क्रू काय करणार?

२ फेब्रुवारी
रबर बांधलं. डोकं ठणकतंय. ठणकतंय म्हणजे दात मागं निघाले. काढलेल्या दाढेच्या फटीत बासमतीचा दाणा आडवा धरला, बरोब्बर मावला. दर रविवारी मोजायचं.

९ मार्च
दाणा मावला नाही! दोन्हीकडं! ह्यांना उठवून सांगितलं. स्वप्नाली म्हणाली, आई, कॅन्टीनमधून नवा तांदूळ आणलाय, दाणा लांब आहे. पोटची पोर आहे, पण आईचं चांगलं बघवत नाही.

२३ मार्च
जुना दाणा सापडला. डावीकडं मावतो. असो.

६ एप्रिल
हिरड्या लाल, सुजलेल्या. डॉक्टरनं विचारलं, साफसफाई करता ना? दिवसातून चार वेळा घासते, म्हटलं. खोटं नाही. तो डोकं खाजवायला लागला. फिर सूजन क्यों, आंटी? त्याला माहीत नाही तर मला काय माहीत! शिकलाय कुठं कोण जाणे.

१९ एप्रिल
ह्यांच्या युनिटचा विलास रजेवरून आला. वहिनींनी गावची तंबाखू पाठवली. तव्यावर काळी होईपर्यंत भाजली, चुरली, डबा भरला. समोरच्या हरयाणवी भाभी धावत आल्या, बहनजी, क्या जल गया? काही नाही, पापड, म्हटलं. चारदा खोकल्या आणि गेल्या.

११ मे
डावा स्क्रू जिभेनं हलतो. चांगलंय. हलतोय म्हणजे काम करतोय. डॉक्टरला फोन कशाला? तो उगाच तारीख लांबवणार.

१८ मे
स्क्रू भाकरीत निघाला. आधी वाटलं खडा. धुतला, अंगठ्यानं परत दाबून बघितला. बसत नाही. देवा, त्रेचाळीस दिवस राहिलेत.

१९ मे
दवाखान्यात हे पण आले, स्वप्नाली पण. मी म्हटलं, स्क्रू हलक्या मालाचा होता. तेवढ्यात स्वप्नालीनं पर्समधून माझा मिश्रीचा डबा काढून टेबलावर ठेवला. पोटच्या पोरीनं! डॉक्टरनं उघडून वास घेतला, तीनदा शिंकला. आंटी, ये तो जला हुआ तंबाकू है. मी म्हटलं, मंजन आहे. हे खिडकीबाहेर बघत राहिले.
उजवा स्क्रूही ढिला निघाला. तोही काढला. आता मिश्री बंद, तीन महिने हिरड्या बऱ्या होऊ देणार, मग नवे स्क्रू. मी दोन्ही हात जोडले. आज बसवा, रबरं दुप्पट लावा, मी ओरडणार नाही. तो म्हणाला, सुजलेल्या हिरडीत स्क्रू टिकणारच नाही. आणि घाई केली तर पुढचे दात हलायला लागतील.
उजवीकडं आता अर्धाच दाणा मावतो, डावीकडं जवळजवळ अख्खा. दात मागं गेले नाहीत धड, पुढंच आहेत, शिवाय एका अंगाला कललेत. आधी नुसते पुढं होते. ते बरे होते.
मिश्री आजपासून बंद. शपथ.

२२ मे
तीन दिवस पोट साफ नाही. एकदाच लावली. ही हिशेबात धरत नाही.

८ जून
आरशासमोर ओठ मिटायची प्रॅक्टिस. सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस. खालचा ओठ वर ओढून दाबला की मिटतात. स्क्रू लागतोच कशाला? मनावर घेतलं की होतं.

३० जून
मेसमध्ये पहिल्या रांगेत, ह्यांच्या शेजारी. खुर्चीत बसल्याबरोबर ओठ दाबले ते सोडले नाहीत. भाषणं दीड तास. हनुवटी थरथरायला लागली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. साहेबांच्या मिसेसना वाटलं मला गहिवरून आलंय. त्यांनी माझा हात धरला आणि स्वतःच रडल्या. मग मागची रांग रडली. दो शब्द बोलिए, म्हणून माईक पुढं केला. मी मान हलवली. आणखी रडल्या.
फोटो संध्याकाळीच मोबाईलवर आला. ओठ मिटलेत. अगदी घट्ट. सगळे डोळे पुसून हसतायत आणि मधोमध मी, घरात कोणी गेल्यासारखी.
ह्यांनी चष्मा लावून बघितलं. म्हणाले, रिटायर मी झालो, तोंड तुझं का असं?
उत्तर दिलं नाही. तोंड उघडावं लागलं असतं.