डोक्यातली गाठ जाळू नये

मी रुखमाबाई किसनराव शेळके, राहणार देऊळघाट, जिल्हा बुलडाणा, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहवून घेते. माझ्या मेंदूत गाठ आहे, म्हणून अक्कल गेली असे उद्या कोणी म्हणेल. गाठीने उजवा हात नेला; विचार माझा मलाच सुचतो. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

वडिलांकडून आलेले शेत मुलगी केसरबाई हिला द्यावे. जावयाच्या नावे करू नये. शिवणयंत्र शेजारच्या अमीनाला. मला झटका आला की तीच कुशीवर वळवून जवळ बसते. बाकीच्या बाया दार लावून घेतात.

माझा भाऊ मोतीराम असाच गेला. आधी डोकेदुखी, मग झटके. पुंजाजी भगताने ‘बाहेरचं आहे’ म्हणत त्याला बांधून मिरच्यांची धुरी दिली. दादा ओरडत होता, “रुखमे, सोडव मले!” आईने मला घट्ट धरून ठेवले होते. पुंजाजीने माझ्या मयतीला येऊ नये आणि केसरच्या डोक्याला कधीही हात लावू नये.

नागपूरच्या डॉक्टरांनी कवटी उघडून गाठीचा तुकडा काढला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मी विचारले, “हे माह्या पोरीले बी होईन काय?”

ते म्हणाले, “बाई, गाठ दिसते कशी, ते आम्ही सांगू शकतो. ती घराण्यात उतरते का, हे ओळखायची खूण आज आमच्याकडे नाही. मेंदू जपून ठेवला, तर पुढे कुणाला तरी सापडेल.”

म्हणून अखेर जवळ आली की मला नागपूरला न्यावे. मेल्यावर मेंदू डॉक्टरांनी घ्यावा. बाकी देहाला घरच्यांनी अग्नी द्यावा. मोतीरामची हकीकतही डॉक्टरांनी माझ्या नावापुढे लिहून ठेवावी.

यजमानांना हे पटले नव्हते. “अर्धी बायको जाळू काय मी?” म्हणाले.

“मोतीरामदादाले अख्खं जाळलं. काय हाती लागलं, सांगा.”

ते उठून गोठ्यात गेले.

खूण सापडली, तर केसरला कळवावे. ती नसेल, तर तिच्या लेकरांना. बातमी वाईट असली तरी कळवावी.

सही, डाव्या हाताने: रुखमाबाई

साक्षीदार: शेषराव इंगळे, रज्जाक खाँ

मुक्काम बुलडाणा, ११ मार्च १९६६

मजकूर वाचून दाखवला, ऐकला. अडवणार नाही. नागपूरले मीच नेईन.
किसनराव शेळके, अंगठा