उघड्या दाराची साक्ष

प्रिय ओबेलिन,

शनिवार, ८ नोव्हेंबर, संध्याकाळी पाच वाजून बेचाळीस मिनिटं. तुला ही वेळ सांगायची खरं तर गरज नाही, माझ्या शेजारच्याच सीटवर तू मांडीवर पर्स घट्ट धरून बसली होतीस. तरी लिहून ठेवते, कारण गावात आता त्या पाच बेचाळीसचे रात्रीचे अकरा झालेत आणि मी चर्चमधून नाही, गुत्त्यातून येत होते. पुढच्या रविवारपर्यंत मी गाडी पुलावरून थेट समुद्रात घातलेली असेल.

प्रार्थना संपून आपण निघालो त्याला पाच मिनिटंही झाली नव्हती. आशीर्वाद दिलेली वाइन मोरीत ओतायची नसते, हे सिस्टर लेओन्तीननं आपल्याला बुटांच्या नाड्या बांधता येण्याआधी शिकवलं. आता लोकांना वाइन देताना प्याले तुझ्या-माझ्या हाती असतात, तेव्हा उरलेली आपणच संपवायची. सर्दीच्या दिवसांत लोक प्याल्याला तोंड लावायला घाबरतात, म्हणून उरतेही. त्या दिवशी मी माझा प्याला संपवला आणि तुझाही. सगळे मिळून चार घोट. त्यावर डासही झिंगणार नाही.

पुलावर त्या कोवळ्या मिशांच्या पोलिसानं दारू तपासायच्या यंत्राची नळी पुढे केली. रस्त्यावर फुंकायला सांगितलं की फुंकावंच लागतं, तिथे वकील मिळत नाही, हे मला ठाऊक होतं. ज्येष्ठांच्या मंडळात वकीलबाई देगल बोलायला आल्या होत्या ना, तू केकसाठी आलीस आणि मी प्रश्न विचारून त्यांचा घसा कोरडा केला, तेव्हापासून ठाऊक होतं. म्हणून हुज्जत घातली नाही. एवढंच म्हणाले, "बाळा, मी आत्ताच प्रार्थनेची वाइन प्यायलेय. आत्ता फुंकलं तर तुझं यंत्र माझं तोंड मोजेल, रक्त नाही. पंधरा मिनिटं थांब, मग हवं तितकं फुंकते." तर तो हसला. "आजी, बहाणे खूप ऐकले, पण इतका पवित्र पहिलाच!" थांबला नाही. यंत्रानं लाल दिवा दाखवला आणि वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी अटकेत गेले, अंगावर चर्चचा चांगला कोट, आणि पायांत तुझ्या आग्रहानं घेतलेले ते चावरे बूट.

ठाण्यात त्यानं माझे हक्क वाचून दाखवले, किराण्याची यादी वाचावी तसे. मी म्हटलं, वकील हवा, आत्ता हवा. त्यानं फोन दिला आणि स्वतः दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. मी म्हटलं, दार लाव. "कशाला आजी? आपल्यात काय गुपित?" ओबेलिन, तू आणि मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अख्खी नोकरी काढली. लोकांची भांडणं, लफडी, मरणं आपल्या बोटांखालून गेली आणि आपण कधी कान लावला नाही, शपथ घेतली होती. आणि माझं बोलणं ह्यानं ऐकायचं? वकिलाशी एकांतात बोलणं ही मेहेरबानी नाही, देशाच्या कायद्यानं दिलेला हक्क आहे. मी स्पष्ट म्हणाले, "दार लाव, मी वकिलाशी बोलते, मग तुझ्या ह्या ठाण्यातल्या मोठ्या यंत्रात फुंकते." त्यानं लिहिलं, "नकार दिला." फुंकायला नकार देणं हाही इथे गुन्हाच, आणि तोच आता माझ्या नावावर आहे. चार घोटांबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

माझा परवाना गेलाय. खटल्यात हरले तर आणखी वर्षभर नाही, वर गुन्हेगार म्हणून कायमची नोंद. मॉन्क्टनच्या शुश्रूषागृहात आल्बां माझं, स्वतःच्या बायकोचं, नाव विसरलाय, पण खिडकीखाली आपल्या गाडीचा आवाज आला की टाय शोधू लागतो. सध्या शेजारचा दोना मला त्याच्या मासळीच्या ट्रकमधून आठवड्यातून दोनदा नेतो. त्या ट्रकचा आवाज आल्बां ओळखत नाही. टाय शोधत नाही. आमच्या वयाला एक वर्ष म्हणजे कॅलेंडर नव्हे, ओबेलिन.

दीर म्हणतात, "कबूल करून टाक, दंड भर, मोकळी हो. शोभा कशाला?" फादरही तेच म्हणाले, जरा मऊ आवाजात. मी त्यांना विचारलं, न केलेलं पाप कबूल केलं तर क्षमा कशाची द्याल? त्यांना एकदम कुठल्याशा बाप्तिस्म्याची आठवण झाली. मी कबूल करणार नाही. आपल्या फ्रेंच बोलणाऱ्या अकादी आज्यांना घरांतून हाकलणाऱ्या इंग्रजांच्या बंदुका गप्प करू शकल्या नाहीत, ह्या पोराची नळी काय करणार?

आता तुझ्याबद्दल. त्या शनिवारपासून तू चर्चमध्ये दुसऱ्या बाकावर बसतेस. फोन केला की "हं, हं, सूप उतू जातंय" म्हणून ठेवतेस. इतकं सूप तू उभ्या जन्मात केलं नाहीस. तुला कसली भीती वाटते ते मला कळतं. कोर्टात कोणी विचारेल, तुझा प्याला झेलीनं का संपवला? मार्चपासून दर मंगळवारी तू शेजारच्या गावी शिवणाच्या वर्गाला जातेस आणि अजून साधा रुमालही शिवून आणला नाहीस. तू दारू सोडलीस आणि तो वर्ग दारू सोडणाऱ्यांचा आहे, हे मी केव्हाच ओळखलं. त्या संध्याकाळी प्याला तू ओठांपर्यंत नेलास आणि तसाच माझ्याकडे सरकवलास. मी काही विचारलं नाही. माझा खटला आता देगल बाई लढवतायत; त्यांनी विचारलं तेव्हा म्हणाले, दोन्ही प्याले मी संपवले. हे खरंच आहे. ह्यापुढे एक अक्षर नाही, न्यायाधीशांनी विचारलं तरी. ते तुझं आहे. कधी सांगायचं, की सांगायचंच नाही, ते तू ठरव.

पण दुसरी गोष्ट तुझी एकटीची नाही. थंडीत तुला पुलावर सोडता येईना म्हणून त्यानं तुलाही ठाण्यात आणलं आणि बाहेरच्या बाकावर बसवलं, त्या खोलीसमोरच. त्यानं दार लावलं असतं तर तुला काहीच ऐकू आलं नसतं. त्यानं माझा हक्क पायदळी तुडवायला दार उघडं ठेवलं, आणि त्याच दारातून "मग फुंकते" हे माझे शब्द तुझ्या कानांवर पडले. त्याच्याखेरीज ते ऐकणारी जगात तू एकटी आहेस. एक्स्चेंजमध्ये कान मिटून बसणं हे आपलं काम होतं. इथे ते काम नाही, पळपुटेपणा आहे. शुक्रवारी, ५ डिसेंबरला, दुपारी बारापर्यंत देगल बाईंना कोर्टात साक्षीदाराचं नाव द्यायचं आहे. त्याआधी मला तुझ्या हातची चिठ्ठी हवी. फोन नको, निरोप नको, सूप नको. "येते" किंवा "येत नाही", एवढंच लिही आणि खाली सही कर. "येत नाही" लिहिलंस तरी मी एकटी उभी राहीन, आणि तुझा मंगळवार माझ्यापाशी तितकाच सुरक्षित राहील. पण लिही, ओबेलिन.

तुझीच,
झेली